मढ्याचा दम

साहेब, देवरावला त्या खदानीत तुम्ही मरायला उतरवलं होतं. मुद्दाम नव्हे. मुद्दाम काही करायचं तर समोरच्या माणसाचा विचार करावा लागतो, आणि तेवढाही विचार तुम्ही केला नव्हता. अकरा नंबरचं पान तुमच्या टेबलावर पडून होतं. ते उलटायला तुमच्या बोटांना जड झालं.

आता गोष्ट ऐका. तुमच्या अहवालात ती नाही.

गेला डिसेंबर, ब्याऐंशी सालचा. नागपुरात अधिवेशन भरलेलं, सगळी मुंबई गाड्या भरभरून इकडे आलेली. साहेबांच्या, म्हणजे तुमच्याच, खात्यानं एक योजना काढली होती. कोकणात समुद्राच्या काठी येणाऱ्या पाहुण्यांना पाण्याखाली फिरवून आणायचं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. पाहुण्याला आधी बुडी शिकवायची आणि मग हात धरून खालची मासळी, खालचे खडक दाखवून आणायचे. त्यासाठी वाटाडे पाहिजेत. खात्यात कोणाला तरी सुचलं की आपल्या नागपुरातले मासे धरणारे ढिवर जन्मापासून पाण्यात आहेत, त्यांनाच शिकवू. सुचलं ते वाईट नव्हतं. सहा जण निवडले. शहरातल्या पोहण्याच्या टाक्यात एकवीस दिवसांचं शिक्षण ठरलं.

एकवीस दिवसांचे सहा दिवस कसे झाले? अधिवेशन संपायच्या आत पाहुण्यांना करून दाखवायचं होतं, म्हणून.

देवराव त्या सहांतला एक. वय चौतीस. तलावात कोणी उडी घेतली, कोणाचा पाय घसरला, की पोलिसाची सायकल त्याच्या दाराशी यायची. एका दमात दोन मिनिटं खाली राहायचा आणि मढं घेऊनच वर यायचा. त्याची बायको रुख्मिणी प्रताप नगरात चारुशीलाबाईंकडे धुणीभांडी करायची. एकच लेक, पुष्पलता, चौथीत.

देवरावच्या घराण्याची एक रीत होती. सगळ्या ढिवरांची नव्हे, त्याच्याच घरची. माणूस पाण्यात गेला की घरातली एक बाई काठावर बसते आणि त्याच्याबरोबर आपलाही दम धरते. तिचा दम सुटला की ती पितळी गुंडी, पाण्याचा छोटा हंडा, पाण्यात पालथी धरून दगडानं दोन ठोके देते. दोन ठोके म्हणजे, बस्स झालं, वर ये. पाण्यात आवाज लांब जातो. देवरावची आई हे करायची, तिच्यानंतर रुख्मिणी. बारा वर्षांत तिचा दमही वाढत वाढत शंभर आकड्यांवर गेला होता. शंभर मोजून झाले की ठोके, मागोमाग देवरावचं डोकं वर. एकदाही चुकलं नव्हतं.

टाक्यातल्या शिक्षणाच्या पहिल्या दिवशी ती सवयीनं भिंतीला लागून उकिडवी बसली. देवराव टाकी बांधून खाली गेला. तिनं दम धरला. शंभर झाले. तो वर आला नाही. दम सोडला, पुन्हा धरला. पुन्हा शंभर. गुंडी आणली नव्हती. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ती फरशीवर आडवी झाली. बाकीचे पाच जण हसले. देवराव वर आला तोही हसला.

"मी इथं मोजू मोजू मेली न! तुमी खाली काय करून राहिले होते?"

"बसलो होतो."

"बसले?"

"बुडाशी मांडी घालून बसलो होतो वं. आरामात. आता काठावरच्या बाईले रिटायर हो म्हणा."

मारोतराव म्हणून एक जण होता, सहांत वयानं मोठा. तो म्हणाला, "वैनी, तू आता घरी भाकरी थाप. याच्या पाठीवर सरकारी दम बांधला हाये."

रुख्मिणी उठली, पदर झाडला आणि कामावर गेली. पण त्या दिवसापासून तिच्या छातीत काहीतरी अडकून बसलं. बारा वर्षं नवरा पाण्यात असताना तो जिवंत आहे की नाही हे तिला स्वतःच्या छातीवरून कळायचं. आता काहीच कळत नव्हतं. भांडी घासता घासता ती मोजायची. मोजता मोजता आकडा हरवायचा आणि हात थांबायचा.

शिकवायला ओमप्रकाश नावाचे गृहस्थ आले होते, नौदलातून निवृत्त झालेले. माणूस बरा होता. हिंदीत समजावून सांगायचा, प्रत्येकाला इंग्रजी पुस्तिका दिली होती, चित्रांची. पण चौथ्या दिवशी त्याला तार आली आणि तो परत गेला. महत्त्वाचं सगळं पुढच्या आठवड्यात घेऊ, असं सांगून गेला. पुढचा आठवडा साहेबांनी आधीच कापून टाकला होता.

मग साहेब स्वतः शिट्टी घेऊन टाक्याच्या काठी उभे राहिले. पुस्तिका चोवीस पानांची. तिचं मराठी करून साहेबांनी एका पानाचा कागद काढला. त्यावर चार नियम होते. धैर्य. शिस्त. टापटीप. वेळेवर हजेरी.

हसू नका. तो कागद रुख्मिणीच्या ट्रंकेत अजून आहे.

पाचव्या दिवशी देवराव घरी आला तो छाती काढूनच.

"रुखमे, आज काय झालं मालूम हाये? सगळ्याइच्या टाक्या अर्ध्या घंट्यात खाली. माही पाऊण घंटा चालली! साहेबानं पाठ थोपटली. म्हणे, पहिला तूच उतरशीन, पाहुण्याइपुढं."

"कशी काय चालली?"

"अक्कल लागते. बाकीचे पंप्यावानी फूस फूस करते. मी एक घोट घेतो आन् धरून ठेवतो. जमन तेवढा. मंग दुसरा. आपल्याले दम धरता येते न? अन् वर येतानी तर एकदम सोपं. बुडाशीच छाती गच्च भरून घेतो आन् तोंड बंद. लाकडावानी आपोआप वर येतो. पाय मारायचंबी काम नाई."

हे सांगता सांगता तो खोकला आणि दारात थुंकला. रुख्मिणीनं पाहिलं. थुंकी गुलाबी होती, फेसाळ.

"हे काय होय?"

"पान खाल्लं होतं."

"तुमी पान कधीपासून खाऊन राहिले?"

"तूबी ना! दात हालते माहा. जा, जेवाले वाढ."

जेवताना तो डाव्या बरगडीखाली हात धरून बसला होता. विचारलं तर म्हणाला, टाकीचा पट्टा रुततो. जेवण झाल्यावर ती पुस्तिका घेऊन दिव्याखाली बसली. तिला मराठीच अडखळत वाचता येई, इंग्रजी कुठून येणार? ती चित्रं पाहत गेली. अकराव्या पानावर एक माणूस पाण्यातून वर येताना काढला होता. तोंड मिटलेलं, गाल फुगलेले, छाती मडक्यासारखी. अंगावरून तांबडी फुली मारली होती.

तो माणूस हुबेहूब देवराव.

"पुष्पाचे बाप, इकडं पाहा. हे काय लिहिलं हाये?"

"मले काय माहीत? साहेबानं त्याचं मराठी देल्लं न. धैर्य, शिस्त..."

"पण फुली काहून मारली?"

"अवं, पोट सुटलेला माणूस चालत नाई अशीन. झोप आता, सकाळी खदानीवर जायाचं हाये."

सकाळी तो अंधारातच खात्याच्या जीपमधून गेला. काटोल नाक्याच्या पुढे, कळमेश्वरच्या वाटेवर एक जुनी दगडाची खदान आहे. काम बंद पडल्यापासून पाण्यानं भरलेली, चाळीस-पन्नास फूट खोल. थंडीत तिचं पाणी काचेसारखं होतं, म्हणून साहेबांनी ती निवडली. पाहुणे बारा वाजता येणार होते.

रुख्मिणी कामावर आली ती पुस्तिका पदराखाली घेऊन. चारुशीलाबाई शाळेत शिकवायच्या. रविवार असल्यानं घरी वह्या तपासत बसल्या होत्या.

"बाई, येवढं एक पान वाचून सांगता का?"

बाईंनी चष्मा लावला. एकदा मनात वाचलं. परत वाचलं. मग पेन्सिल खाली ठेवली.

"रुख्मिणी, हे कोणासाठी आहे?"

"यायच्यासाठी. तुमी सांगा न, काय हाये ते."

"यात लिहिलंय, हा पहिला नियम आहे, बाकी सगळे विसरलात तरी हा विसरू नका. टाकीची हवा घेत असताना श्वास कधीही रोखू नका. खोल पाण्यात घेतलेली हवा दाबलेली असते. माणूस वर येतो तशी ती फुगते. तोंड बंद ठेवून वर आलात तर फुफ्फुस..." बाई थांबल्या.

"फुफ्फुस काय?"

"फुटतं."

रुख्मिणीला गुलाबी फेस दिसला. बारा फुटांच्या टाक्यात तेवढा. खदान चाळीस फूट.

"बाई, आमच्या घरी चार पिढ्याइपासून येवढं एकच शिकवते. दम सोडू नको म्हणून."

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. शेजारी फोन होता, पण खदानीवर फोन कुठला! एसटीची वेळ कोणाला माहीत? बाईंची लुना अंगणात होती. एरवी ती शाळेपर्यंतच जायची आणि बाईंखेरीज कोणाला घेऊन गेली नव्हती.

"बस मागे."

"माह्या वजनानं बंद पडन."

"पडली तर ढकलू. बस!"

त्या दोघी त्या लुनावरून कशा गेल्या हे काटोल नाक्यावरच्या लोकांनी पाहिलं असेल. चढ आला की बाई पायडल मारायच्या आणि रुख्मिणी उतरून मागून ढकलत पळायची. उतार आला की पुन्हा मागे उडी. सारा रस्ता ती मोजत होती. सवय जात नाही. शंभर झाले की पहिल्यापासून. कितीदा शंभर झाले ते देव जाणे. मनातल्या मनात ती देवरावला सांगत होती, सोडा, दम सोडा. आणि तिच्याच लक्षात आलं की आपण दात आवळून स्वतःचा दम धरून बसलो आहोत.

खदानीवर पोचल्या तेव्हा पावणेबारा होत होते. मंडप, पताका, लाल गालिचा. आणि पाहुणे येऊन बसलेले. मोठी माणसं वेळेवर येत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी ती तासभर आधी आली. पूजा उरकली होती. काठावर चौरंग, त्यावर पितळी कलश, आंब्याची पानं, नारळ. बाकीचे पाच जण कोरड्या कपड्यांत रांगेत उभे. सहावा नव्हता.

"मारोतभाऊ, हे कुठी हायेत?"

"गेला न खाली. पंधरा-वीस मिनिटं झाले. वैनी, तू इकडं कायले आली? आज बायाइचं काम नाई."

पाण्यातून एक दोर वर आला होता. त्याचं दुसरं टोक देवरावच्या कमरेला. अलीकडचं टोक साहेबांच्या हातात. पाहुण्यांतल्या एकानं जांभई दिली. पाण्यावर पाहण्यासारखं काही नव्हतंच, अधूनमधून चार बुडबुडे, मग किती तरी वेळ काही नाही. ते काही नाही म्हणजे काय, हे त्या गर्दीत दोनच बायांना कळत होतं.

"आता बोलवा बुवा तुमच्या माणसाला," पाहुणे म्हणाले. "पुढं जायचंय."

साहेबांनी दोर हातात नीट धरला. तीन हिसके म्हणजे वर ये. हिसका बसला की देवराव काय करणार ते रुख्मिणीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसलं. छाती गच्च भरेल. तोंड मिटेल. लाकडासारखा वर येईल.

ती गर्दीतून घुसली आणि दोन्ही हातांनी दोर धरला.

"साहेब, ओढू नका! बोलावू नका त्यायले!"

"कोण ही बाई? बाजूला घ्या हिला."

"मी देवरावची बायको होय. ते दम धरून वर येईन. मरन ते!"

"अहो, टाकी आहे पाठीवर, मरायला काय झालं? सोडा दोर!"

चारुशीलाबाई धापा टाकत पुस्तिका उघडून पुढे आल्या. "हे वाचा. अकरावं पान. दोन ओळी आहेत, आत्ता वाचा."

"बाई, हा कार्यक्रम आहे. शाळा नाही." साहेबांनी पुस्तिकेकडे पाहिलंसुद्धा नाही. शिपायानं रुख्मिणीचा दंड धरला.

दोन मिनिटं, फार तर तीन. मग कोणीतरी तो दोर ओढणारच. नाही ओढला तर टाकी संपेल आणि तो आपला आपण वर येईल, तसाच, छाती भरून. न बोलावून चालणार नव्हतं, बोलावून चालणार नव्हतं. दोन ठोके दिले तरी तेच. बारा वर्षांच्या त्यांच्या बोलीत, वर ये, एवढंच होतं. दम सोड, असा ठोका नव्हता.

होता. एक होता.

तो तिनं आयुष्यात एकदाच दिला होता, आणि देताना सासूनं तिचं तोंड दुसरीकडे वळवलं होतं. एकाच मढ्यासाठी दोघं-तिघं पाण्यात असले आणि एकाला ते सापडलं, की काठावरची बाई बाकीच्यांना पाच ठोके द्यायची. पाच ठोके म्हणजे, मढं सापडलं, शोध थांबव. आणि ते ऐकल्यावर घरची रीत अशी, की छातीत जेवढा दम असेल तेवढा तिथंच, पाण्यात सोडायचा. मढ्याजवळचा दम घरी आणायचा नाही. मढ्याचा दम मढ्याला. तोंड उघडं ठेवून, शेवटचा बुडबुडा जाईस्तोवर सोडत सोडत वर यायचं.

भरल्या मंडपात, नारळ फोडलेल्या जागी, जिवंत नवऱ्यावर मढ्याचे ठोके.

तिनं दंड सोडवला. चौरंगावरचा कलश उचलला, नारळ गालिच्यावर गडगडला, पानं उडाली. ती गुडघाभर पाण्यात गेली, कलश पालथा धरला आणि काठचा दगड घेऊन मारला. एक. दोन. तिथं तिचा हात क्षणभर थांबला, कारण दोनवर थांबलं तर तिनंच त्याला मारलं असतं. तीन. चार. पाच.

मारोतराव ढिवरच. त्याला ते ठोके ऐकून माहीत होते. तो ओरडला, "वैनी! डोक्सं फिरलं का तुहं? कोणाचं मढं?"

पाणी गप्प होतं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा नवरा खाली असताना दम धरला नाही. तोंड उघडं ठेवून ती श्वास सोडत राहिली, घेत राहिली, मोठ्यानं, कुत्र्यासारखी. आकडा नव्हता मोजायला. काहीच नव्हतं.

मग बुडबुडे आले. आधी दोन-चार. मग खळ्ळकन पुष्कळ. मग थांबेचनात, खदानीचं पाणी आधणासारखं उकळायला लागलं. आणि त्यातून देवरावचं डोकं वर आलं, तोंड उघडं, नळी लोंबत, चेहरा पांढराफटक.

"कोण गेलं?" तो ओरडला. "रुखमे, कोण गेलं वं? पुष्पा कुठी हाये?"

"घरी हाये. कोणी नाई गेलं."

"मंग ठोके काहून देल्ले?"

ती पाण्यातच खाली बसली.

पुढचं थोडक्यात. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डाव्या फुफ्फुसाच्या कडेला टाक्यातल्या दिवसांची जुनी इजा निघाली, नवी नव्हती. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पाण्याचं नाव काढू नका. देवराव चार दिवस बायकोशी बोलला नाही. समुद्र हातचा गेला होता, भर मंडपात शोभा झाली होती. पाचव्या दिवशी आपणच बोलला.

"एक गोष्ट सांगू? मी दम सोडत होतो न, तर सरतच नोता वं. एका छातीत येवढा कुठून येईन? सोडला तेवढा अजून भरूनच येत होता. मले वाटलं, ज्याचं मढं सापडलं त्याचाच दम माह्यात घुसला."

"तो तुमचाच होता," ती म्हणाली. "तोंड बंद केलं असतं तर मग तुमचं मढं."

तो उठून मारोतरावकडे गेला. बाकीच्या चौघांनाही त्यानं बोलावून घेतलं आणि बाईंनी मराठीत सांगितलेलं अकरावं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं. ते सहा जण आता वाचले.

तुमचा अहवाल, साहेब, चारुशीलाबाईंनी तुमच्या कचेरीत उभं राहून वाचला. त्यात लिहिलं आहे, एका अनधिकृत महिलेनं पूजेचा कलश पाण्यात बुडवून अशुभ वर्तन केलं, पाणबुड्या घाबरून वर आला, सबब त्याचं नाव यादीतून कमी केलं. प्रात्यक्षिक एरवी यशस्वी. खाली सही. त्याच फायलीत दुसरा कागद होता. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवरून बावीस ढिवर निवडले आहेत, सोमवारपासून त्याच टाक्यात, सहा दिवस. सोबत जोडलंय, चार नियमांचं पत्रक.

ते बावीस जणही आईच्या दुधाबरोबर दम धरायला शिकलेत. त्यांच्या घरी पाच ठोक्यांची रीत नाही. त्यांच्या बाया दूर गावी आहेत.

रुख्मिणीनं अर्ज दिला. बाईंनी लिहिला, तिनं अंगठा नाही लावला, सही केली, अडखळत, पण केली. चार वेळा ती कामावरून उन्हात चालत तुमच्या दाराशी आली. शिपाई म्हणाला, साहेब मिटिंगमध्ये आहेत. अर्जात पैसे मागितले नाहीत, नवऱ्याचं नाव यादीत परत घाला असंही म्हटलं नाही. एकच प्रश्न आहे, तोच इथं तिच्या वतीनं पुन्हा विचारतो, कारण सोमवार परवावर आला आहे.

अकरावं पान तुम्ही वाचलं होतं का? वाचलं असेल, तर ते त्या चार नियमांत का नाही? वाचलं नसेल, तर चाळीस फुटांवरच्या माणसाचा दोर तुमच्या हातात कोणी दिला?

दोन्हींपैकी एक खरं असणार. कोणतं, ते सांगा. सोमवारच्या आत.